भोर संस्थान, कोर्ट फी आणि एक चौकोनी भोक

दर वर्षी जानेवारी उजाडला की आमच्या ऑफिसात एचआरची मेल येते. इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्या, नाहीतर मार्चचा पगार विसरा. मग विम्याच्या पावत्या, पीपीएफचं पासबुक आणि भाड्याच्या घरात राहणारे असाल तर घरभाड्याच्या पावत्या. त्या पावत्यांवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचं आणि घरमालकाची सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल अशी घ्यायची. मंडळी, जावाच्या मोठमोठ्या सिस्टिम लिहिणारी माणसं त्या आठवड्यात डबा उघडायच्या आधी "अरे, तुझ्याकडे एक्स्ट्रा रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का रे?" असं विचारत टेबलांवरून फिरत असतात :)

या तिकिटाचं लॉजिक मात्र अगदी साधं आहे. पाच हजार रुपयांच्या वरची पावती असेल तर सरकारला एक रुपया द्यायचा. तो रुपया दिला याचा पुरावा म्हणजे तिकीट. आणि तेच तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावरून सही मारायची. भारतीय मुद्रांक कायदा १८९९ सालचा, त्याच्या बाराव्या कलमात हे सांगितलंय. आमच्या भाषेत बोलायचं तर वन-टाइम टोकन. वापरलं की खलास. डबल स्पेंडिंगचा प्रश्न बिटकॉइनवाल्यांच्या शंभरेक वर्षं आधी शाईच्या एका फराट्याने सोडवला होता!

पण हा कायदा मुळात सगळ्या भारताला लागू नव्हता, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. तो होता 'ब्रिटिश इंडिया'पुरता. मधेमधे जी शेकडो संस्थानं पसरली होती, तिथे कागद वेगळा, तिकीट वेगळं आणि त्यावरचा राजाही वेगळा. आजचा हा लेख त्यातल्याच एका छोट्या संस्थानावर आहे. भोर.

भोरच का? एक म्हणजे माझं आजोळ त्या बाजूचं. आणि दुसरं, मी राहतो ते मोरवा भोरच्या अगदी उलट टोकाचं गाव आहे. मोरवा म्हणजे भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावर राई आणि मुर्धा झालं की येतं ते. एका बाजूला खाडी, मिठागरं, दुसऱ्या बाजूला वाढत जाणारं शहर. साष्टी बेटाचा हा वायव्येचा कोपरा पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली. आणि १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला जिंकून इंग्रजांनी ती उचलली ती उचललीच. म्हणजे मोरव्याचा माणूस पेशवाई बुडायच्या चाळीसेक वर्षं आधीच कंपनी सरकारचा रयत झाला होता. उलट भोरचा माणूस ८ मार्च १९४८ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्य मिळून सहा महिने झाले तरी, पंतसचिवांचा प्रजाजन होता. दोघंही मराठीच बोलणारे, दोघंही भात पिकवणारे. पण मोरव्याच्या माणसाच्या फिर्यादीवर राणीचं मुंडकं आणि भोरच्या माणसाच्या फिर्यादीवर संस्थानाचं नाव.

आता थोडा इतिहास. कंटाळा येत असेल तर दोन परिच्छेद सोडा, पण माझा सल्ला आहे की सोडू नका.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव नावाचं पद होतं. सचिवाचं काम काय? बाहेर जाणारी राजपत्रं तपासायची, मजकुरात अधिकउणं झालं असेल तर शुद्ध करायचं, महालांचे हिशेब बघायचे आणि पत्रावर आपली संमतीची खूण करायची. लढाईच्या धामधुमीतही कागद बरोबर आहे की नाही हे बघणारा माणूस राज्याच्या पहिल्या आठांत होता, हे मला फार आवडतं. (आमच्याकडे कोड रिव्ह्यू करणाऱ्याला एवढा मान कुठे!)

राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण गांडेकर यांच्याकडे आलं. महाराज जिंजीला, औरंगजेब महाराष्ट्रात, आणि इथे मावळातले किल्ले एकेक करून परत घेणाऱ्या मोजक्या माणसांत शंकराजी होते. भोर संस्थानाचा आरंभ १६९७ चा धरतात तो यांच्यापासून. पुढे १७०७ साली औरंगजेब मेला, मोगलांनी शाहूंना सोडलं आणि मराठी राज्यात दोन गाद्या उभ्या राहिल्या. शंकराजींनी ताराबाईंना एकनिष्ठेची शपथ दिलेली. समोर शाहू, म्हणजे संभाजीराजांचा मुलगा, ज्याच्या गादीसाठी इतकी वर्षं लढले तो. शपथ मोडायची की धन्यावर शस्त्र उचलायचं? परंपरा असं सांगते की त्यांनी दोन्ही टाळलं आणि भोरजवळच्या आंबवड्याला जलसमाधी घेतली. त्यांची समाधी तिथे आहे. झुलत्या पुलासाठी आणि नागेश्वराच्या देवळासाठी लोक आंबवड्याला जातात, समाधीकडे फारसं कुणी वळत नाही.

शाहूंनी मात्र शहाणपणा दाखवला. शंकराजींचा लहानगा मुलगा नारो शंकर याच्याकडे पद कायम ठेवलं, आणि सचिवपद घराण्यात वंशपरंपरेने राहिलं. पुढचं शतक तसं हळूहळू आकसण्याचं आहे. दमाजी थोराताच्या कैदेतून या बाल सचिवाची सुटका झाली ती बाळाजी विश्वनाथांच्या खटपटीमुळे, आणि त्या उपकारापोटी पुरंदर त्यांच्याकडे गेला. पुढे सिंहगडही पेशव्यांनी घेतला, बदल्यात तुंग-तिकोना दिले. सिंहगड देऊन तुंग-तिकोना! पेशव्यांशी सौदा करताना कुणाचं भलं झालं म्हणा. असो. १८१८ ला पेशवाई गेली, १८२० मध्ये इंग्रजांनी पंतसचिवांशी करार केला आणि त्यांना साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार म्हणून राहू दिलं. १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी राजे वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. तेव्हा भोर, औंध, फलटण, अक्कलकोट, जत ही साताऱ्याची जहागीरदार मंडळी थेट इंग्रजांच्या छायेत आली. धनी बदलला, घर राहिलं.

हे घर केवढं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटिअरप्रमाणे ९२५ चौरस मैल. म्हणजे साधारण २,४०० चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या जवळपास चौपट. आणि १९०१ च्या जनगणनेत लोक किती? १,३७,२६८. आज एकट्या मीरा-भाईंदरमध्ये २०११ च्या गणतीनेच आठ लाखांवर माणसं आहेत! तालुके पाच आणि त्यांची नावंही काय भारी: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड, पवनमावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. सह्याद्रीच्या माथ्यावर बसलेलं हे राज्य, एक पाय नीरेच्या खोऱ्यात आणि दुसरा कोकणात पालीला. राजाला मान ९ तोफांच्या सलामीचा. कोल्हापूरला १९, हैदराबादला २१. म्हणजे इंग्रजांच्या हायरार्कीत भोर कुठे बसतं ते कळलं असेल. सलामी मिळणाऱ्यांच्या अगदी शेवटच्या बाकावर.

आता तिकिटांकडे येऊ.

कोर्टात जायचं तर आधी पैसे भरा, ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं. तशी ती नव्हती. मराठी अमदानीत दिवाणी वाद जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरायची. हरकी म्हणजे हर्षाची, आनंदाची रक्कम. आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी' भरायची. दोघांकडूनही पैसे घेतले जायचे, यात काही साधुसंतगिरी नाही. रकमाही कधी कधी चांगल्याच जबर असत. पण घेतले जायचे ते निकालानंतर. पोस्टपेड. इंग्रजांनी ते प्रीपेड केलं. आधी रिचार्ज, मग न्याय.

मुद्रांकाची मूळ आयडिया डच लोकांची, १६२४ ची. सरकारी शिक्का असलेल्या कागदावरच करार करायचा, आणि कागद सरकार विकणार. इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली, १७६५ मध्ये अमेरिकेवर लादली आणि त्याचे पुढे काय परिणाम झाले ते सर्वांना ठाऊक आहे. बंगालमध्ये हा कर १७९७ मध्ये आला. पुढे कायद्यांवर कायदे होत १८७० चा कोर्ट फी कायदा झाला. त्यातला फरक लक्षात ठेवा: मुद्रांक शुल्क हे करारावर, खतावर, पावतीवर. कोर्ट फी ही अर्जावर, फिर्यादीवर, वकीलपत्रावर. पहिलं दोन माणसांच्या व्यवहारावरचा कर, दुसरं म्हणजे सरकारकडे दाद मागायची किंमत. तिकिटं गोळा करणाऱ्यांच्या अल्बममध्ये दोन्ही शेजारी शेजारी बसतात, पण ज्याने ती विकत घेतली त्याच्या आयुष्यात दोन्हींची जागा फार वेगळी होती.

शिक्क्याच्या कागदाची धास्ती काय असते ते पुण्याजवळच्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी दिसलं. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. यात गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की बहुतेक ठिकाणी लोकांना सावकाराचा जीव नको होता, कर्जरोखे हवे होते. रोखे दिले की ते जाळायचे आणि निघून जायचे. कारण वाचता न येणाऱ्या माणसालाही एवढं कळत होतं की त्याची जमीन जाणार आहे ती त्या छापील कागदामुळे, त्याच्या खाली त्याने मारलेल्या नांगराच्या निशाणीमुळे. डेटाबेसच पेटवा! सरकारने चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला.

तिकडे त्याच वर्षी, १८७९ मध्ये, भोर संस्थानाने स्वतःचं टपाल तिकीट काढलं. अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. जाड-पातळ देशी कागदावर लाल शाईने हाताने शिक्का मारलेली ही तिकिटं आहेत. मागे गोंद नाही, कडेला दाते नाहीत, कात्रीने कापा आणि खळीने चिकटवा. शाई कधी गडद तर कधी फिकट, शिक्का कधी तिरका. पेनी ब्लॅक येऊन ३९ वर्षं झाली होती, लंडनच्या छापखान्यांत सुबक कोरीव तिकिटं निघत होती आणि भोरचा कारकून मात्र एकेक ठसा हाताने उठवत होता. मला ती फार गोड वाटतात. अर्थात ती चालायची संस्थानाच्या हद्दीतच. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांशी इंग्रजांनी टपालाचा खास करार केला होता, त्यांची तिकिटं (म्हणजे इंग्रजी तिकिटावर संस्थानाचं नाव छापलेली) देशभर चालत. भोरचं तसं नव्हतं. भोरच्या तिकिटावर पत्र पुण्याला जात नसे. १९०१ मध्ये पंतसचिव शंकरराव चिमणाजी यांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट छापलं गेलं, आणि त्यानंतर भोरचं टपाल तिकीट निघालंच नाही. टपाल इंग्रजांच्या डाकखात्यात विरघळून गेलं.

इथे मला एक पॅटर्न दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लहान संस्थानांकडून एकेक गोष्ट काढून घेतली. फौज गेली, परराष्ट्र संबंध तर करारातच गेले होते. टांकसाळी बंद पडत गेल्या आणि व्हिक्टोरियाचा रुपया सगळीकडे आला. मग टपाल गेलं. राहिलं काय? दरबारचा पोशाख, नऊ तोफा आणि कोर्ट फीचं तिकीट. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शोभेच्या. तिसरी मात्र खरीखुरी सत्ता होती. माझ्या हद्दीतल्या माणसाच्या भांडणाचा निवाडा माझा न्यायाधीश करणार आणि त्याची फी माझ्या तिजोरीत येणार. हे शेवटपर्यंत टिकलं. म्हणून ज्यांनी कधीच टपाल तिकीट काढलं नाही अशाही असंख्य संस्थानांची कोर्ट फी आणि रेव्हेन्यू तिकिटं सापडतात. आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पोटातलं मुकण्यांचं जव्हार घ्या, किंवा जंजिरा, सावंतवाडी, सांगली, मिरज, अक्कलकोट. ऐपत असलेली संस्थानं परदेशी नामांकित छापखान्यांकडून छापून घेत, बाकीचे जवळचा छापखाना गाठत. त्यामुळे एकाच किमतीच्या तिकिटात रंगांच्या चार छटा, अक्षरांची जुळणी डुगडुगती, असं सगळं असतं. कोपेल आणि मॅनर्स या दोघांनी या सगळ्या तिकिटांचा एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग १९८० च्या दशकात केला. या नादातल्या लोकांच्यात अजूनही त्यांच्याच नंबरांनी व्यवहार होतो.

सीमारेषेची मजा तर आणखीनच. इंग्रजांच्या स्टॅम्प कायद्याच्या दृष्टीने भोर हा 'बाहेरचा' मुलूख. कायद्याचं अठरावं कलम सांगतं की बाहेर केलेला दस्त आत आणला की तीन महिन्यांत त्याला इथला स्टॅम्प लावा. आता विचार करा, नीरेच्या अलीकडे भोर, पलीकडे थोडं गेलं की इंग्रजांचा सातारा जिल्हा. मुलगी एका हद्दीत, जावई दुसऱ्या. भोरमध्ये बसून इंग्रजी हद्दीतल्या शेताचं खत केलं, तर तो कागद पुण्या-साताऱ्याच्या कोर्टात उभा राहायला इंग्रजी स्टॅम्प हवाच. भाषा तीच, पंचांग तेच, पाहुणे तेच, पण कागदाला व्हिसा लागत होता. हद्दीवरच्या गावांत राहणाऱ्यांना हे सगळं पाठ असणार. आपल्याला कसं 'मीरा रोडपर्यंत रिक्षा एका दराने, दहिसर चेकनाका ओलांडला की नियम वेगळे' हे पाठ असतं, तसं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता तपशील. सही मारून रद्द करणं हे पावतीच्या तिकिटाला ठीक, पण कोर्ट फीचं काय? १८७० च्या कायद्याचं तिसावं कलम म्हणतं की कारकुनाने तिकिटावरचं मुंडकं पंच करून काढायचं, किंमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवायचा, आणि पंच केलेला तुकडा जाळायचा किंवा नष्ट करायचा. मुंडकं! म्हणजे राणीचं. १८७० पासून १९४७ पर्यंत हिंदुस्थानातल्या प्रत्येक कोर्टात रोज सकाळी कुणीतरी सरकारी कारकून कायद्याने सांगितलं म्हणून व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज यांची डोकी उडवत बसला होता, आणि संध्याकाळी त्या डोक्यांची होळी. क्रांतिकारकांना हे सुचलं नाही, ते कायदेखात्याने करून दाखवलं. संस्थानांनी इंग्रजी कायदे थोड्याफार फरकाने आपल्याकडे घेतले होते, त्यामुळे संस्थानी तिकिटांवरही अशी गोल भोकं सर्रास दिसतात. दरबारात ज्या महाराजांसमोर मान वर करायची चोरी, त्यांच्याच छातीतून मुन्सफाचा कारकून खाडकन पंच मारतोय. म्हणून अशी तिकिटं हातात घेतली की महाराजांचा फेटा दिसतो, खांदे दिसतात आणि मधे पलीकडचं टेबल.

या तिकिटांना टपाल तिकिटांइतका भाव नसतो. भोकं पडलेली, शाईने माखलेली, अर्धी फाटलेली. एखादं दुर्मिळ सोडलं तर वडापावच्या भावात मिळतात. आणि याच स्वस्ताईने एक घोळ करून ठेवलाय, ज्याबद्दल मला खरं तर हा लेख लिहायचा होता.

संस्थानं विलीन झाली तेव्हा कचेऱ्यांमधले सगळेच कागद नव्या सरकारच्या दप्तरखान्यात गेले असं नाही. मुदत संपली म्हणून काही कायदेशीरपणे निकाली निघाले, काही रद्दीत गेले, काही वकिलांच्या आणि कारभाऱ्यांच्या माळ्यावर राहिले आणि वाडे पडायला लागले तसे पोत्यांतून बाजारात आले. रद्दीवाल्याला कळलं की तिकिटाला गिऱ्हाईक आहे, कागदाला नाही. मग कात्री घ्यायची, तिकीट तेवढं चौकोनी कापायचं आणि उरलेला कागद किलोवर घालायचा. पोस्टाचं पाकीट कापलं तर निदान पत्र वेगळं राहतं. इथे तिकीट ज्याच्यावर आहे तोच दस्त आहे. तिकीट अल्बममध्ये जाऊन बसतं 'भोर, कोर्ट फी' एवढ्या लेबलखाली, आणि ते कुणी, कशासाठी, कुठल्या नाइलाजाने विकत घेतलं होतं ते कायमचं जातं. रेकॉर्ड डिलीट करून फक्त प्रायमरी की जपून ठेवण्यासारखं आहे हे.

असा एक कापलेला कागद माझ्याकडे आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, गंजलेले पाने आणि ग्रामोफोनचे भोंगे यांच्या शेजारी, एका गठ्ठ्यात मिळाला. विक्रेता म्हणाला, "त्यातली तिकिटं गेलीत साहेब, हा माल नुसता आहे." चाळीस रुपये. फुलस्केपपेक्षा थोडा लांब, पिवळा पडलेला, वर उजव्या कोपऱ्यात व्यवस्थित चौकोनी भोक. वरचा मथळा बाळबोध, खालचा मजकूर मोडीत, त्यामुळे मला ओ की ठो कळेना. शेवटी मोडी वाचणारे एक निवृत्त काका सापडले. त्यांनी भिंग लावून दोन संध्याकाळ बसून तो वाचला. चहाशिवाय काही घेतलं नाही.

कागद १९३१ चा आहे. एका बाईने केलेला अर्ज. नाव आणि गाव इथे देत नाही, घराणं तिथे नांदत असेल. नवरा वारलेला, मुलगा अज्ञान. दिराने दोन भातखाचरांच्या मधला बांध सरकवला आहे आणि वरच्या खाचरातून येणारं पाणी स्वतःकडे वळवलं आहे, आवणी तोंडावर आली आहे, तरी सरकारने पाहणी करून बांध पूर्ववत करून द्यावा. एवढंच. समासात कारकुनाची नोंद: कोर्ट फी आठ आणे. खाली अंगठा आणि 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' अशी ओळ.

आठ आणे म्हणजे आपल्या हिशेबाने काहीच नाही. पण काळ बघा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पार कोसळलेले. भात विकून रोख पैसा हातात येणं मुश्कील. त्या वर्षी एका विधवेने पाण्याच्या पाटासाठी आठ आणे रोख मोजले, अर्ज लिहून देणाऱ्याला काही दिले असतील ते वेगळे, आणि डोंगरातून चालत कचेरीपर्यंत आली. हे तिकीट सत्तेची खूण वगैरे जे मी वर लिहिलं, ते पंतसचिवांच्या बाजूने बघितलं तर. तिच्या बाजूने बघितलं तर ते पाटाचं पाणी होतं. आणि एक गोष्ट संस्थानाच्या बाजूने सांगायला हवी: तिला पुण्याला जावं लागलं नाही, इंग्रजी येणारा वकील लागला नाही. कागद तिच्या भाषेत, तिच्या लिपीत होता (तिला वाचता येत नसलं तरी वाचून दाखवल्यावर समजेल अशा). लहान राज्याचा हा एक फायदा. शेजारच्या औंधने तर १९३९ मध्ये राजानेच सत्ता सोडून गावपंचायतींकडे न्यायनिवाड्याचं काम दिलं होतं. भोर तिथपर्यंत गेलं नाही. रघुनाथराव पंतसचिव १९२२ मध्ये गादीवर आले ते शेवटचे राजे. ८ मार्च १९४८ ला दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतात विलीन झालं. कोल्हापूर तेवढं आणखी वर्षभर थांबलं.

राजे गेले की तिकिटांचं काय होतं? सौराष्ट्रात एक मजेदार प्रकार घडला. तिथली संस्थानं एकत्र येऊन संघ झाला, टपाल तिकिटांचा तुटवडा पडला, तेव्हा भावनगर संस्थानाच्या कोर्ट फीच्या तिकिटांवरच नवा छाप मारून ती पोस्टात वापरली. न्यायाची फी पत्रांच्या कामाला आली. आपल्याकडे तसं काही झालं नाही, मुंबई सरकारची तिकिटं आली आणि जुनी निकालात निघाली. पुढे शिक्क्याच्या कागदावरचा आपला विश्वास तेलगीने कसा धुळीला मिळवला, २००१ मध्ये त्याला अटक झाल्यावर काय काय बाहेर आलं आणि मग फ्रँकिंग, ई-स्टॅम्पिंग कसं वाढत गेलं तो एक स्वतंत्र विषय आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात तर महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणारी बरीच कामं थेट पाचशेवर गेली. मेट्रोच्या कारशेडवरून राई-मुर्धा-मोरव्यात वातावरण तापलं होतं तेव्हा सातबारा, फेरफार, जुनं खत हे शब्द आमच्या नाक्यावरच्या टपरीवरही ऐकू येत. जमिनीचा प्रश्न आला की माणूस अजूनही आधी पेटीतला जुना कागद शोधतो.

तर तो अर्ज. काकांनी पुढची बाजू वाचून झाल्यावर कागद उलटा केला. मागे वेगळ्या हाताने लिहिलेला शेरा आहे, शाईही वेगळी. पाहणी झाली, पंचांचे जबाब घेतले, इतपत लागतं. मग हुकमाची ओळ सुरू होते, "सबब बांध" एवढं दिसतं, आणि नेमकं तिथे पुढच्या बाजूचं तिकीट होतं. काकांनी भोकाच्या चारी कडा भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिल्या. डाव्या कडेला एका अक्षराची वेलांटी आहे, ती कशाची ते ठरवता येत नाही.

तो तुकडा कुणाच्या तरी अल्बममध्ये हिंजला चिकटून असणार, आठ आण्यांचं भोरचं तिकीट. मागे मोडीतल्या दोन-तीन ओळींचे अर्धवट शब्द असतील. तुम्ही तिकिटं गोळा करत असाल तर एकदा उलटी करून बघा, आणि सापडलं तर मला मेल टाका.